युरियाकडे युरिएज पोहत जातं का?

आमच्या भुशीच्या आसपास आणि पुढे सगळ्या मावळात भाताची लावणी झाली की खाचरात युरिया पडतो. नुसता फेकला तर त्यातला बराचसा वाया जातो. म्हणून चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध, चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खाली खोचतात. वाया का जातो, तर मातीत युरिएज नावाचं एन्झाइम असतं. पाठ्यपुस्तकातला शब्द विकर, पण आपण बोलताना एन्झाइमच म्हणतो, तेच इथे वापरते. हे युरिएज युरिया फोडतं, अमोनिया तयार होतो आणि वरच्या उघड्या पाण्यातून उडून जातो. शेतकऱ्याला युरिएज हे नाव माहीत नसेल, वास मात्र ओळखीचा असतो.

आता एक साधा प्रश्न. खाचरात कोण कुणाकडे जातं? युरिया युरिएजकडे, की युरिएज युरियाकडे?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण २०१० पासून मोठमोठ्या नियतकालिकांत दुसऱ्या उत्तराच्या बाजूने लेख येत आहेत. एन्झाइम काम करताना जास्त जोरात हलतं, आणि ज्या रसायनावर ते काम करतं त्याच्या दिशेने सरकतं, असा हा दावा आहे. पीएचडीच्या मुलाखतींचे दिवस आले की या विषयावरचे प्रस्ताव माझ्याकडे ‘ताई, जरा बघता का’ म्हणून येतात. प्रस्ताव छान असतात. चित्रं तर फारच छान असतात, शेपूट असलेलं एन्झाइम रक्तातून पोहत गाठीपर्यंत औषध नेताना. पण २०१८ नंतर या दाव्याचं काय झालं याचा उल्लेख त्यात सहसा नसतो. तुम्ही आयुष्याची पाच वर्षं या विषयात घालणार असाल, तर त्याआधी त्याची झाडाझडती घ्या. ती कशी घेता येईल हे सांगायला आजचा लेख.

आधी दावा नीट समजून घेऊ. २०१० साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की युरियाच्या द्रावणात युरिएजचं विसरण, म्हणजे पाण्यात इकडेतिकडे भटकत पसरण्याचा वेग, पाव पटीहून थोडा जास्त वाढतो. २०१३ साली त्याच गटाने कॅटॅलेजवर तसंच दाखवलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. केसाएवढ्या वाहिनीत एका बाजूने एन्झाइमचं द्रावण आणि शेजारून सब्स्ट्रेटचं द्रावण सोडलं, तर एन्झाइम सब्स्ट्रेटच्या बाजूला जास्त पसरतं. जिवाणू साखरेकडे जातात तसं. जिवाणूंच्या बाबतीत याला केमोटॅक्सिस म्हणतात, तोच शब्द इथे आला. २०१५ साली कार्लोस बुस्तामांते यांच्या गटाचा लेख ‘नेचर’मध्ये आला. अभिक्रियेत सुटणाऱ्या उष्णतेचा धक्का एन्झाइमला ढकलतो, असं स्पष्टीकरण त्यात होतं. इथपर्यंत गोष्ट सरळ रेषेत चालली होती.

माझा पहिला आक्षेप असा की ही गोष्ट एक नाही, दोन आहेत, आणि त्या एकमेकींच्या मदतीला येत नाहीत. ‘जोरात हलतं म्हणून खाण्याकडे पोचतं’ हे ऐकायला पटतं. पण पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याहून भुशी धरणाकडे येणारा रस्ता आठवा. गाड्या कुठे साचतात? जिथे वेग कमी असतो तिथे. मोकळ्या रस्त्यावर गाडी थांबतच नाही, म्हणून तिथे गाड्या कमी दिसतात. एन्झाइम युरियाच्या भागात जास्त जोरात हलत असेल, तर तिथून ते लवकर निसटायला हवं, म्हणजे युरियापासून दूर साचायला हवं. स्टीव्ह ग्रॅनिक यांच्या गटाने २०१८ साली नेमकं हेच मांडलं. त्यांच्या मोजणीत युरिएज युरियापासून लांब जात होतं. एकच एन्झाइम, एकच रसायन, आणि दिशा बरोबर उलट! प्रस्ताव लिहिताना यातला एकच लेख उद्धृत करणं म्हणजे पंचायतीत एकाच भावाचं ऐकून बांध घालून देणं.

मग सब्स्ट्रेटकडे सरकणं खोटं का? तसं नाही. एन्झाइमला सब्स्ट्रेट चिकटतं तेव्हा एन्झाइमची ऊर्जा थोडी उतरते. त्यामुळे जिथे चिकटायला जास्त रेणू आहेत तिकडे ओढ असणं शक्य आहे, आणि त्यासाठी अभिक्रिया व्हायचीही गरज नाही. हे २०१३ सालापासून कागदावर मांडलेलं आहे. शिवाय युरिया फुटला की अमोनियम आणि बायकार्बोनेट असे आयन तयार होतात, पीएच चढतो, द्रावणाची घनता बदलते. क्षारांचा असा चढउतार असला की त्यात कुठलाही कण सरकतो, आणि घनतेतल्या फरकाने द्रावणच फिरायला लागतं. म्हणून वाहिनीत एन्झाइम सरकलेलं दिसलं की पहिला प्रश्न हा विचारा: काम न करणारं, बंद पाडलेलं एन्झाइम तिथेच सोडलं तर ते किती सरकतं? आणि एन्झाइमऐवजी साधं निष्क्रिय प्रोटीन सोडलं तर? हे दोन आकडे नसलेला आलेख माझ्या लेखी अर्धाच.

आता ‘जोरात हलतं’ या मुख्य दाव्याकडे. इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण इथे तुम्ही स्वतः कागद-पेन्सिल घेऊन काहीतरी करू शकता.

युरिएज हे जुनं, मानाचं एन्झाइम. जेम्स सम्नर यांनी १९२६ साली आपल्या अबईच्याच जातकुळीतल्या एका शेंगेच्या बियांतून त्याचे स्फटिक मिळवले. एन्झाइमचे स्फटिक तेव्हा पहिल्यांदा मिळाले, आणि एन्झाइम म्हणजे प्रोटीन हे सिद्ध करायला त्यांची मदत झाली. पुढे १९४६ साली सम्नर यांना नोबेल मिळालं. तर हे युरिएज साधारण ७ नॅनोमीटर त्रिज्येचा गोळा आहे असं धरा. स्टोक्स-आइनस्टाइनच्या सूत्रात ही त्रिज्या आणि पाण्याची चिकटाई घाला. विसरणांक दर सेकंदाला ३१ चौरस मायक्रोमीटर येतो, आणि प्रयोगातही जवळपास तेवढाच येतो. यात पाव पटीहून जरा जास्त वाढ म्हणजे सुमारे ९ ची भर.

ही ९ ची भर अभिक्रियेगणिक मारलेल्या उड्यांतून येत असेल, तर एक उडी किती लांब हवी? भर म्हणजे सेकंदाला होणाऱ्या उड्या गुणिले उडीच्या लांबीचा वर्ग, भागिले ६. युरिएज सेकंदाला १०,००० वेळा काम करतं असं उदारपणे धरू. गणित करा, उडी ७० नॅनोमीटरच्या वर येते. म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या पाचपट, प्रत्येक वेळी.

पुढची अडचण. एवढा बारीक गोळा पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत गरगरत असतो, साधारण एका मायक्रोसेकंदात त्याचं तोंड भलतीकडेच वळलेलं असतं. सरळ उडी मारायची तर ती त्या एका मायक्रोसेकंदातच उरकायला हवी. ७० नॅनोमीटर अंतर एका मायक्रोसेकंदात कापायचं तर पाण्याचा विरोध सुमारे ९ पिकोन्यूटन, आणि त्यात खर्च होणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या ऊष्मीय ऊर्जेच्या दीडशेपट. एका युरियाच्या रेणूच्या विघटनातून सुटते ती साधारण चोवीसपट. सगळीच्या सगळी ऊर्जा एकाच दिशेच्या ढकलण्यात गेली, तरी हिशोब सहापटीहून जास्त तोट्यात जातो.

तुलनेसाठी खरीखुरी चालणारी एन्झाइमं घ्या. डायनिन हेही एन्झाइमच, एटीपी फोडणारं. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये रूप मल्लिक यांच्या गटाने लेझरच्या चिमट्यात पेशीतले कण पकडून डायनिन किती जोर लावतं हे मोजलं आहे. एकट्या डायनिनचा जोर पिकोन्यूटनच्या घरातला, ती बरीच मिळून ओढतात तेव्हा तो वाढतो. पण डायनिनच्या पायाखाली मायक्रोट्यूब्यूलचा रूळ आहे. रूळ असल्यामुळे गरगरण्याचा प्रश्न येत नाही, दिशा ठरलेली असते. मोकळ्या पाण्यातल्या युरिएजला रूळ नाही, आणि तरी आपण त्याच्याकडून डायनिनपेक्षा जास्त जोर मागतो आहोत.

याहून वाईट अवस्था अल्डोलेजची. हे एन्झाइम अगदी संथ, सेकंदाला पाचएक वेळा काम करणारं, आणि त्याची अभिक्रिया उष्णता शोषून घेणारी. म्हणून तर २०१७ साली ते मुद्दाम तपासायला घेतलं: उष्णतेचा धक्का हे कारण असेल तर इथे वाढ दिसू नये. वाढ दिसली, सुमारे ३० टक्के. निष्कर्ष काढला गेला की उष्णता हे कारण नाही. मला विचाराल तर त्याच दिवशी मोजमापावरच संशय यायला हवा होता. वरचंच गणित अल्डोलेजला लावा. सेकंदाला पाच उड्या आणि ३० टक्के वाढ, तर एक उडी ४ मायक्रोमीटरची येते. १० नॅनोमीटरच्या जीवाने ४०० लांब्यांची उडी! अर्थात, त्या लेखकांनी उडीचा दावा केला नव्हता. सब्स्ट्रेट चिकटल्याने एन्झाइमचा आकार आणि त्याची लवचीकता बदलते, त्यामुळे ते हलकं फिरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ठीक आहे. पण नुसत्या आकाराने ३० टक्के वाढ हवी असेल तर त्रिज्या २३ टक्क्यांनी आक्रसावी लागेल. एवढा फरक इतर पद्धतींनी लपून राहणार नाही. २०१८ साली कोलंबिया विद्यापीठात हेन्री हेस यांच्या गटाने प्रकाश-विकिरणाने अल्डोलेज मोजलं, २०१९ साली पीअर फिशर यांच्या गटाने एनएमआरने मोजलं. दोघांनाही वाढ दिसली नाही.

मग आधी जे दिसलं ते काय होतं?

आधीच्या जवळजवळ सगळ्या मोजण्या एकाच यंत्राने झाल्या होत्या, एफसीएस, म्हणजे फ्लुओरेसन्स कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी. एन्झाइमला एक चकाकणारा रंगरेणू चिकटवतात. लेझरचा अर्ध्या-एक मायक्रोमीटरचा ठिपका द्रावणात रोखतात. एन्झाइम त्यातून जाताना चमक दिसते. चमक जितकी तोकडी, तितकं एन्झाइम वेगवान. आता पावसाळ्यातली खंडाळ्याच्या घाटातली रात्र डोळ्यांपुढे आणा. धुक्यात एकच फट आहे, तिच्यातून जाणाऱ्या गाडीचा दिवा किती वेळ दिसला यावरून तुम्ही गाडीचा वेग सांगताय. एखाद्याने फटीच्या मध्यावरच दिवा घालवला तर? तुम्ही म्हणाल, काय सुसाट गेली! गाडी तेवढ्याच वेगाने चालली होती, विझला फक्त दिवा.

रंगरेणूच्या बाबतीत नेमकं हेच घडतं हे २०२० साली दाखवलं गेलं. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमला पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हे सब्स्ट्रेट दिलं, तर एफसीएसमध्ये सुमारे २० टक्के वाढ दिसते. तेच एन्झाइम, तेच सब्स्ट्रेट, पण एकेक रेणू विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात धरून किंवा त्याचा थेट माग काढून बघितलं, तर वाढ शून्य. कारण सापडलं: ते सब्स्ट्रेटच रंगरेणूला मिचमिचायला लावत होतं. आणि हा लेख कुणाचा होता? त्याच्या लेखकांत बुस्तामांते होते, २०१५ च्या ‘नेचर’ लेखामागचे. आमच्या आधीच्या कामाकडेही पुन्हा बघायला हवं, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तुमच्या वाचनयादीत या विषयावरचा एकच लेख बसत असेल, तर हाच घ्या. शोधाचा म्हणून जितका चांगला, तितकाच नियंत्रण-प्रयोग कसे रचावेत याचा धडा म्हणूनही.

गाडीचा वेग चुकण्याची आणखी एक तऱ्हा आहे. ट्रेलर फटीजवळ येऊन सुटा झाला आणि त्याचे छोटे भाग वेगळे पळायला लागले तर वेग वाढलेला दिसेल, आणि तो खराही असेल, पण तो ट्रेलरचा नसेल. युरिएज सहा सारख्या भागांचं मिळून बनलेलं आहे. एफसीएसला द्रावण फार पातळ लागतं, आणि पातळ द्रावणात असे जुळलेले भाग सुटायला बघतात. गंमत अशी की हे उघड केलं ते वाढीच्या बाजूने उभ्या असलेल्या ग्रॅनिक गटानेच, २०१९ साली. युरियाचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की युरिएज तुटतं आणि तुकडे वेगाने हलतात, हे त्यांनी चार वेगवेगळ्या पद्धतींनी दाखवलं. त्या मर्यादेखाली, जिथे ते तुटत नाही, तिथे मात्र वाढ खरीच आहे असंही त्यांनी म्हटलं. त्याच वर्षी सेन यांच्या गटाने युरिएजचे एकेक रेणू थेट बघूनही वाढ दिसल्याचं छापलं. म्हणजे युरिएजपुरता वाद मिटलेला नाही. माझं मत वरच्या ऊर्जेच्या हिशोबामुळे विरोधी बाजूला झुकतं, पण हिशोब करताना मी उडी हीच यंत्रणा गृहीत धरली आहे हे विसरू नका. दुसरी यंत्रणा कुणी दाखवली तर हिशोब नव्याने मांडावा लागेल.

धरून चालू की वाढ खरी आहे, पूर्ण २८ टक्के. तरी खाचरात काय फरक पडेल? युरियाचा रेणू एवढासा, त्याचा विसरणांक दर सेकंदाला सुमारे १,४०० चौरस मायक्रोमीटर. दोन रेणूंची गाठ किती वेळा पडते हे दोघांच्या विसरणांकांच्या बेरजेवर ठरतं. आधी १,४०० अधिक ३१, नंतर १,४०० अधिक ४०. फरक अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर. शिवाय मातीतलं बरंचसं युरिएज मोकळं नसतंच, मेलेल्या जिवाणूंतून आणि मुळांतून आलेलं ते चिकणमाती आणि ह्यूमसला घट्ट धरून बसलेलं असतं. ते जागचं हलत नाही, युरियाच त्याच्यापर्यंत येतो. गोळी खोल खोचली की अमोनिया तयार झाला तरी तो चिखलात अमोनियम होऊन मातीला धरून राहतो, वर उडत नाही. सगळी हालचाल छोट्या रेणूंची.

‘पेशीत फायदा होत असेल’ असं लिहिणाऱ्यांना माझा प्रश्न एवढाच असतो की कुठल्या पेशीत, कुठल्या सब्स्ट्रेटचा, किती अंतरावर किती चढउतार? प्रयोगात वापरलेलं सब्स्ट्रेटचं प्रमाण पेशीत सापडणाऱ्या प्रमाणाशेजारी लिहून बघा. बऱ्याच प्रस्तावांत तो रकानाच रिकामा असतो. मुलाखतीत समोरचा माणूस बोट ठेवतो ते तिथेच.

तर मग या विषयात जावं की नाही? जा, पण ‘पोहणाऱ्या एन्झाइमचा औषधासाठी वापर’ असं शीर्षक घेऊन जाऊ नका. ‘रंगरेणू न चिकटवता, न तुटलेल्या युरिएजचं विसरण’ या नावाने जा. प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर सहाही भाग जागेवर आहेत का हे गाळण-स्तंभातून तपासा. युरियाचं प्रमाण काही मिलिमोलरच्या खाली ठेवा, कारण तिथेच वाद जिवंत आहे. अभिक्रियेने द्रावण गरम होतं आणि पीएच चढतो, त्याचा हिशोब वेगळा ठेवा. बंद पाडलेल्या युरिएजचा आलेख त्याच पानावर छापा. उत्तर ‘वाढ नाही’ असं आलं तरी प्रबंध उभा राहील अशी रचना आधीच करून घ्या, मार्गदर्शकांशी याबद्दल पहिल्याच महिन्यात बोला.

आणि कॅटॅलेजचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही, तो तुम्ही करा. त्रिज्या ५ नॅनोमीटर धरा, सेकंदाला एक लाख अभिक्रिया, वाढ ४५ टक्के, सुटणारी ऊर्जा मोलमागे १०० किलोज्यूल. गरगरण्याचा वेळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे कमी होतो, हे लक्षात ठेवा. तिथे उत्तर युरिएजइतकं एकतर्फी येत नाही, मला तरी दुपटीच्या आतलाच तोटा मिळाला. तुमचा आकडा काय येतो ते कळवा, गृहीतकांसकट.